एका शब्दाला एक चकती

४ जुलै, मंगळवार

तीर्थरूप अक्का,

नमस्कार तुझ्या पायाशी ठेवला आहे, सवडीने उचल. विनंती, विशेष वगैरे मागून येईलच; आधी तक्रार ऐक. ती गंभीर आहे आणि मानवजातीच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी. मला गाजर करण्यात आलं आहे.

परमुलखातल्या या इंग्रजी शिबिरात शिक्षकांना आपलं खरं नाव वापरायची बंदी आहे. मुलांच्या जिभेला सोपं जावं म्हणून प्रत्येकाला एका फळाचं इंग्रजी नाव मिळतं आणि गळ्यात त्या फळाचं चित्र. मुलांना फुलांची नावं. म्हणजे एकूण बागच. आमचे व्यवस्थापक मिस्टर मेलन. त्यांचा घेर पाहता नाव देणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते. तुझ्या-माझ्यात त्यांना कलिंगड म्हणू. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली इथलीच एक मदतनीस मुलगी आहे, ती मिस चेरी. गिटार वाजवणारा पोरसवदा मास्तर मिस्टर अ‍ॅपल. मी एक दिवस उशिरा पोचले, तोवर फळं संपली होती. कलिंगडाने कपाटात हात घालून तळाचं कार्ड काढलं. “मिस कॅरट,” तो म्हणाला. “डोळ्यांना चांगलं असतं.”

अक्का, पन्नाशी ओलांडलेली बाई मी. मी वर्गात शिरले की बाक आपोआप सरळ व्हायचे. तीच मी रोज सकाळी पटांगणात उभी राहून स्वागतगीतावर नाचते. त्यात गाजर जमिनीतून वर येतं असा अभिनय आहे. गुडघ्यांमुळे माझं गाजर निम्मंच वर येतं. मुलांना वाटतं, तो विनोद आहे. मीही तसंच वाटू देते.

शिबिर एका कॉलेजच्या वसतिगृहात आहे, सुट्टीत रिकामं पडलेलं. भिंतींवर मागच्या पोरांनी चिकटवलेल्या चित्रांचे चौकोन, जिन्यात फिनेलचा वास, जेवणघरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ओढल्या की किंचाळतात. धड टेबल एकच, कपडे धुवायच्या खोलीत. दुपारी मुलं पोहायला जातात तेव्हा मी तिथे बसून लिहिते. शेजारी मशीन चादरी गरगरवत असतं. पानांचे फोटो सूनबाईला पाठवते, ती छापून तुझ्या चष्म्याजवळ ठेवते. तू वाचतेस म्हणे. पण ‘वाचलं’ असं कळवायचं नाही, अशी तिला सक्त ताकीद आहे म्हणे. कळलं. मलाही कुणी काही कळवलेलं नाही.

आता इथला कायदा. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. जेवताना नाही, भांडताना नाही, रडतानासुद्धा नाही. प्रत्येक मुलाकडे निळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, बटणापेक्षा जरा मोठ्या. इंग्रजीत छान बोललं की एक मिळते. घरच्या भाषेत बोललं की जाते, एका शब्दाला एक. जप्त झालेल्या चकत्या संध्याकाळी कलिंगडाच्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत. रविवारी घरी फोन करता येतो, पण ज्याच्याकडे एकही चकती उरली नाही त्याला फोन नाही. आणि फोनवरही इंग्रजीच. पालकांनी पैसे कशाचे भरलेत? बहुतेकांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही, तरी खूश असतात. किंबहुना म्हणूनच. आपलं पोर काय बोलतंय ते कळेनासं झालं की ते शिकलं असं समजायचं.

फोनवर काय बोलायचं हे शिकवायचा तास माझ्याकडे आहे. मजकूर माझाच. हॅलो. आय अ‍ॅम हॅपी. द फूड इज गुड. आय हॅव मेनी फ्रेंड्स. थँक यू.

हसू नकोस. मीही दर रविवारी आईच्या कानाशी हेच बोलते, फक्त मराठीत. मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नकोस. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईला बोलता येत नाही. तू बोलत नाहीस, कारण मी निघाले त्या दिवशी दारात म्हणालीस, “जायचंय तर जा. फोन करायचा तर आईला कर, मला नको.” शब्दाची पक्की तू. फोन घेतेस, आईच्या कानाला लावतेस आणि गप्प. एका फोनवर तीन बायका आणि बोलते फक्त एकटी मी. आपल्या घराण्यात असं आजवर घडलं नव्हतं.

तुझी,
गाजर


११ जुलै, मंगळवार

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही हे मिळालं.

आज तुला एका मुलीबद्दल सांगते. वय नऊ, वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले, गळ्यातल्या कार्डावर गुलाब. मी मनात तिला खिडकी म्हणते. हसली की वारा आत-बाहेर करतो. आई-बाप कुठेतरी लांब कामाला आहेत, तिला आजीने वाढवलंय. शिबिराचे पैसे मामाने भरले. मामाला थोडं इंग्रजी येतं, म्हणून कुटुंबात त्याचा शब्द चालतो. हे सगळीकडे असंच असतं म्हणायचं.

मागच्या आठवड्यात वर्गात बाकाची कड माझ्या गुडघ्यावर बसली, त्याच दुखऱ्या. मी ओरडले, “आई गं!”  आणि ही खिडकी जागेवरून उठून माझ्यासमोर आली आणि तळहात पुढे केला.

“मिस कॅरट. नॉट इंग्लिश.”

मी म्हटलं, गुडघा फुटलाय.

“वन वर्ड, वन,” ती म्हणाली. खरं तर शब्द दोन होते, पण तिला काय कळणार! हात काही मागे जाईना. सगळी बाग टक लावून बघतेय. आता नियमात शिक्षकाने दंड भरायची सोय नाही, आमच्या स्वतःच्या चकत्या नसतातच. आम्ही फक्त बक्षीस द्यायचं आणि जप्ती करायची. शेवटी मी म्हटलं, “आय ओ यू वन.” म्हणजे काय ते फळ्यावर लिहून, चित्र काढून समजावलं. देणं लागणे. तिला हे वाक्य इतकं आवडलं की आता रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी तेच. पटांगणात गाजर वर येत असताना मागच्या रांगेतून आवाज येतो, “मिस कॅरट, यू ओ मी!” एकदा मी जप्तीतली एक तिला गुपचूप द्यायला गेले तर घेईना. “नो, नो. यू ओ मी.” चकतीपेक्षा तिला माझ्याकडून येणं बाकी असण्यातच गोडी. सावकार होणार मोठेपणी.

रविवारचा तिचा फोन मजेचा असतो. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, कारण सगळं ध्वनिमुद्रित होऊन पालकांना पाठवलं जातं. फोनवर त्यासाठी लाल दिवा लागतो. आजी पलीकडून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारते. ही म्हणते, “आय अ‍ॅम हॅपी.” आजी खो खो हसते. ही म्हणते, “द फूड इज गुड.” आजी आणखी हसते. मला इथली भाषा बाजारापुरतीच येते: हे, ते, केवढ्याला, आणि नको. पण आजीचं हसणं कळतं. त्याला भाषा लागत नाही.

आईला झोप लागते का गं? एवढं सूनबाईकडून तरी कळव. तिला म्हणावं, तुझ्या सासूला न सांगता कळव. म्हणजे तू वाचल्यावर ती कळवेल.

तुझी,
गाजर


१६ जुलै, रविवार

अक्का,

आज विनोद नाही. होईल तेवढा टाळते, पण सवय आहे, मधूनच निघेल.

फोनचा तास होता. खिडकी बसली, नंबर लागला, आजी आली. आज हसली नाही. बरंच बोलली, सावकाश, मध्ये थांबत. खिडकी ऐकत होती. मग म्हणाली, “आय अ‍ॅम हॅपी.” आजी परत काही म्हणाली. खिडकीने इकडेतिकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून प्रोत्साहन दिलं. वीस वर्षांची सवय. “द फूड इज गुड,” ती म्हणाली. “येस. येस. आय हॅव मेनी फ्रेंड्स.” मला वाटलं, आज काय सुरेख बोलली!

शेजारच्या फोनवर चेरी बसली होती. तास संपल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“तिची आजी काय म्हणाली, कळलं तुम्हाला?”

“नाही.”

“मंगळवारी तिची छाती उघडणार आहेत. हृदयाचं काहीतरी आहे. ती म्हणाली, मला जरा भीती वाटतेय, तू माझ्याशी आपल्या भाषेत बोल. एकदाच बोल. कोण ऐकतंय?”

मी ऐकत होते, अक्का. म्हणून ती बोलली नाही.

चेरीलाही मी विचारलं, तू तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, “माझ्यासमोर दुसरा मुलगा होता. आणि मिस्टर मेलन दारात होते.” मग रडायला लागली. रडताना इंग्रजीतच बोलत होती बिचारी. कायदा अंगात भिनतो.

जेवणानंतर कळलं, खिडकी मैत्रिणींजवळ आपल्या भाषेत रडली. मिस्टर अ‍ॅपलने नियमाप्रमाणे शब्द मोजले. तो वाईट मुलगा नाही, मोजता येतं म्हणून मोजतो. तिच्याकडे आता एकच चकती आहे.

तुझी


१८ जुलै, मंगळवार

अक्का,

काल सकाळी मी कलिंगडाच्या खोलीत गेले. बोलणं इंग्रजीत झालं, तुला मराठीत देते.

“त्या मुलीला आजीशी तिच्या भाषेत बोलू द्या. उद्या ऑपरेशन आहे.”

“मिस कॅरट,” तो म्हणाला, “मला माहीत आहे. मामाने कळवलंय. पण एका मुलीला दिलं की दोनशे मुलांना द्यावं लागेल.”

“दोनशे आज्यांची छाती उद्या उघडणार नाहीये.”

यावर तो हसला नाही. बरणी जरा सरकवली. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं गं. दुष्ट माणसाशी भांडायला मला आवडतं. हा नुसताच दमलेला माणूस आहे, घाम पुसत बसतो आणि त्याचं मुलांवर प्रेमही आहे. शेवटी म्हणाला, “उद्या सकाळी जादा फोन करू दे. इंग्रजीत. ध्वनिमुद्रण चालू राहील, मामाला हवं आहे.”

“आजीला इंग्रजी येत नाही.”

“आवाज तर ऐकू येईल.”

 मीही दर रविवारी तेवढंच तर करते.

आज सकाळी मी एकटी तिला घेऊन फोनच्या खोलीत गेले. दार लावलं. सांगितलं, आज चकती नाही, दंड नाही, बोल तुझ्या भाषेत, मी बाहेर थांबते. शब्द साधे वापरले, हातवारे केले. तिला नीट कळलं. तिने लाल दिव्याकडे बोट केलं.

“मिस्टर मेलन लिसन. वन वर्ड, वन.”

मी म्हटलं, मी बघते मिस्टर मेलनचं.

तिने खिशातून ती एकुलती एक चकती काढून दाखवली. “टुडे स्पीक, फिनिश. संडे नो फोन.” मग परत खिशात ठेवली आणि मला समजावलं, मोठ्या बायका लहान मुलींना समजावतात तसं. “संडे. संडे आय हॅव. संडे आय स्पीक.”

हिशेब बरोबर होता. आज बोलली असती तर चकती गेली असती, आणि ऑपरेशननंतरचा फोन गेला असता. तिला तो हवा होता. आजी बरी होऊन बसलेली असेल, तेव्हाचा. माझ्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा? मी तर तिचं आधीच देणं लागते.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. दाराआडून ऐकू आलं. “हॅलो. आय अ‍ॅम हॅपी. द फूड इज गुड.” माझाच मजकूर. उच्चार इतके स्वच्छ की कुठल्याही परीक्षकाने पैकीच्या पैकी दिले असते. पलीकडून आजी काहीतरी म्हणाली, एकदाच हसली आणि फोन कुणीतरी काढून घेतला.

कलिंगडाने दुपारी ते ऐकलं. म्हणाला, “मिस कॅरट, तुमचं काम फार चांगलं आहे.”

तुझी


२० जुलै, गुरुवार

अक्का,

आजी गेली. मंगळवारीच, ऑपरेशनच्या टेबलावर. मामाचा काल कार्यालयात फोन आला. तो महिनाअखेरीला, शिबिर संपेल तेव्हा, तिला न्यायला येणार आहे आणि स्वतः जवळ घेऊन सांगणार आहे. तोवर तिला कळता कामा नये, असं त्याने बजावलंय. रविवारी फोन तो स्वतः घेईल आणि आजीच्या घशात नळी आहे असं सांगेल.

मी कलिंगडाकडे गेले. आवाज चढवला. मराठीतसुद्धा दोन शब्द गेले, त्याला न कळणारे, कळले नाहीत तेच बरं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही तिला सांगाल,” तो म्हणाला. “मग? तिला रात्री कुशीत कोण घेईल? इथे तिचं कोण आहे? मामाला आधी येता येत नाही, त्याला तिकडचं सगळं बघायचंय. तो पालक आहे. त्याने हे मागितलंय.”

त्याचं म्हणणं चुकीचं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि समज मी सांगायचं ठरवलं, तर कुठल्या भाषेत? तिच्या भाषेत मला केवढ्याला आणि नको एवढंच येतं. इंग्रजीत तिला येतं ते मी शिकवलेलं. आनंदी, चांगलं, पुष्कळ, धन्यवाद. एवढ्या सामानात मरण बसत नाही. चेरी सांगू शकते. चेरी म्हणाली, “मी नाही सांगणार, माझ्याने होणार नाही.” तिच्यावर रागावावं इतकं माझं स्वतःचं धैर्य दिसत नाही.

खिडकीचं काय चाललंय ते सांगते म्हणजे तुला माझी दशा कळेल. ती चकत्या कमावतेय. वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर. जेवणघरात मीठ मागताना पूर्ण वाक्य. झाडाला बोट लावून मिस्टर अ‍ॅपलला म्हणते, “धिस इज ए ट्री,” आणि तळहात पुढे. चकत्या पायमोज्यात साठवते. काल माझ्याकडे आली, बोटं दुमडत काहीतरी मोजलं, तिच्या भाषेत पुटपुटत, प्रत्येक शब्दाला एक बोट. मग पायमोजा हलवून बघितला. आधी मला कळलं नाही. मग कळलं आणि मी उगीचच फळा पुसायला लागले, फळा कोरा होता.

तिचं वाक्य ठरलंय. तेवढे शब्द ती विकत घेतेय.

अक्का, एक विचारते, रागावू नकोस. आधीच रागावली आहेस तर आणखी थोडी रागाव. तू फोन खरंच आईच्या कानाला लावतेस ना? मी बोलते तेव्हा आई असते ना तिथे? मला पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो. तो कुणाचा ते कळत नाही. सूनबाईला विचारलं तर म्हणते, “हो मावशी, अगदी कानाला,” पण ती भली पोर आहे, आणि भल्या माणसांवरचा माझा विश्वास या आठवड्यात उडाला आहे.

तू बोलू नकोस. तुझा शब्द मोडायला मी सांगत नाही. फक्त रविवारी एकदा खोक. तू खोकलीस म्हणजे आई आहे असं मी समजेन. खोटं खोकायची तुझी तयारी कधीच नव्हती, लहानपणी शाळा बुडवायलासुद्धा.

तुझी


२३ जुलै, रविवार

अक्का,

खोकला पोचला.

मी आईला आज मजेत आहे असं सांगितलं नाही. गुडघा फुटल्याचं सांगितलं. जेवण पाणचट आहे, खुर्च्या किंचाळतात, मला गाजर केलंय, सगळं सांगितलं. म्हटलं, आई, मला इथे फार एकटं वाटतं गं. मग तो खोकला आला, तुझा, घसा साफ करून नीट काढलेला. आणि त्याच्या मागून दुसरा एक आवाज आला, खोल, हसल्यासारखा. तो काय होता ते विचारणार नाही. मी खूप वेळ फोन धरून बसले.

म्हणून तुला हे आजच सांगते. माझं ऐकायला आज तू एकटीच आहेस.

दुपारी फोनचा तास होता. कालच्या जप्तीतली एक चकती मी बरणीत टाकली नव्हती, खिशात होती. का ठेवली ते मला माहीत होतं, पण मनात धड म्हटलं नव्हतं.

खिडकी मोजा घेऊन आली. खुर्चीवर बसून तो टेबलावर उपडा केला. चेरीने शेजारच्या फोनवरच्या मुलाची पाळी पुढे ढकलली आणि भिंतीकडे बघत बसली. नंबर लागला. मामाचा आवाज आला. काय बोलणार ते मला ठाऊक होतं. आजीच्या घशात नळी आहे, बोलता येत नाही, पण ऐकू येतं. फोन तिच्या कानाशी धरलाय, बोल बाळा. चांगलं बोलला तो. मध्ये एकदा त्याचा आवाज फाटला, पण खोकून वेळ मारून नेली.

खिडकीने हॅलो म्हटलं नाही. मजकूर म्हटलाच नाही. एक चकती उचलून फोनसमोर ठेवली आणि एक शब्द बोलली. आपल्या भाषेत. दुसरी चकती तिच्याशेजारी ठेवली, दुसरा शब्द. सावकाश. ठेवायची, बोलायची. ठेवायची, बोलायची. खोलीतल्या पोरांचे आवाज एकेक करून बंद पडले. मी त्या आजीच्या घरची कुणी नाही, मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि तरी मला वाटलं, इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

परकी भाषा ऐकून कलिंगड आतून धावत आला. जप्तीसाठी बरणी हातातच होती. टेबलाकडे पाहिलं. चकत्यांची ओळ पाहिली.  नियम कुठे मोडला होता? प्रत्येक शब्दाची किंमत टेबलावर होती, मागून नाही, आधी दिलेली. त्याचाच कायदा, कानामात्रा न चुकता. तो बरणी पोटाशी धरून उभा राहिला. पलीकडे मामाचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, आणि खिडकीला वाटत होतं तो आजीचा आहे. मी त्या क्षणी ओरडून सांगू शकले असते. चेरी सांगू शकली असती. कलिंगडही. तीन मोठी माणसं त्या टेबलाभोवती होती, अक्का, आणि तिघांनी जे केलं ते म्हणजे गप्प राहणं.

चकत्या संपल्या. ती थांबली.

वाक्य संपलं नव्हतं, तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिने मोजा झटकला, आत हात घालून टोकापर्यंत चाचपला. काही नव्हतं. मग फोनवरची नजर न काढता उजवा हात माझ्याकडे केला, तळहात वर.

“मिस कॅरट,” ती कुजबुजली. “यू ओ मी.”

मी खिशातली चकती काढली आणि ओळीच्या शेवटी, तिच्या बाकीच्या चकत्यांना लावून, टेबलावर ठेवली.

तिने शेवटचा शब्द म्हटला.